शब्दचर्चा : नॉर्मल, कुठून आला अन् कुठं कसा वापरायचा

शाळेतली मॅडम, आर्णीकडची

मंडळी आज एक शब्द घेते, नॉर्मल. आठवीचा वर्ग आहे माझा, पोट्टे घरी सगळे वऱ्हाडीच बोलतात पण हा शब्द त्यांच्या तोंडी माझ्यापेक्षा जास्त असतो. एकानं विचारलं मॅडम याले मराठीत काय म्हन्तेत, मी सांगितलं सामान्य. तर मागच्या बाकावरून आवाज, मग जिल्हा सामान्य रुग्णालय म्हंजे नॉर्मल हॉस्पिटल काय? सामान्य ज्ञान म्हंजे नॉर्मल ज्ञान? वर्ग हसला, पण मुद्दा तर बरोबरच आहे ना, तिथं जनरल आहे. सामान्य माणूस म्हटलं की तिथं कॉमन. आणि आरशाच्या धड्यात किरण जिथं पडतो तिथं जी उभी रेघ काढतो तिला आपल्या पुस्तकात स्तंभिका म्हणतात, इंग्लिश मिडियमच्या पुस्तकात तिचं नाव नॉर्मल. आता ती रेघ अन् नॉर्मल डिलिव्हरी या दोघी एका शब्दात कशा काय राहतात? अर्थ, मूळ, वापर, जे माहीत असेल ते सांगा.

बसस्टँडवाला

साधं, म्हंजे नॉर्मल. एवढं काय त्यात. टपरीवर पोट्टा विचारते ठंडा का नॉर्मल, आपन म्हन्तो नॉर्मल दे. नॉर्मल पेट्रोल, नॉर्मल मोबाईल म्हंजे बटनाचा. फक्त मे महिन्यात नॉर्मल पानी मागू नका राजेहो, बाटल्यायचा खोका उनातच ठेवला रायते, चायपत्ती टाकली तं चाय होते.

निवृत्त सर, आर्वी

मॅडम प्रश्न मस्त आहे, जरा लांबच लिहितो, सवडीनं वाचा.

लॅटिनमध्ये नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. तोच तो, चौकटीचा कोपरा काटकोनात बसला की नाही ते पाहायचा. त्यावरून नॉर्मालिस, म्हणजे गुण्यात असलेलं. पुढं लॅटिनमध्येच नॉर्माचा अर्थ सरकला, ज्याला धरून बाकीचं तपासायचं ते, म्हणजे नियम, कसोटी. इंग्रजीत १७ व्या शतकात हा शब्द भूमितीत आला तो काटकोन याच अर्थानं. म्हणजे तुमची स्तंभिका ही घरातली पाहुणी नाही, तीच मूळ मालकीण आहे, आरशाशी ९० अंशात उभी म्हणून नॉर्मल. वक्रावर काढली की वरच्या वर्गात तिलाच अभिलंब म्हणतात. नॉर्मल डिलिव्हरी वगैरे मंडळी नंतर राहायला आली.

किती नंतर? तर नेहमीचं, चारचौघांसारखं हा अर्थ इंग्रजीत पक्का व्हायला १९ वं शतक उजाडावं लागलं. त्याआधी त्यांचं युजुअल, कॉमन, ऑर्डिनरी, नॅचरल यावर भागत होतं, कोणाचं काही अडत नव्हतं. १८२० च्या सुमारास फ्रेंच डॉक्टर लोक शरीराच्या निरोगी अवस्थेला नॉर्मल म्हणायला लागले अन् बिघडलेल्याला पॅथॉलॉजिकल. त्याच्या मागोमाग आकडेवाले आले. बेल्जियमचा केतले हा मूळचा खगोलशास्त्री, त्यानं १८३५ मध्ये सरासरी माणूस नावाची कल्पना मांडली, लोकांची मापं घ्यायची, सरासरी काढायची, अन् ती सरासरी म्हणजेच आदर्श असं धरायचं. घंटीच्या आकाराचा जो वक्र असतो, मधात फुगलेला अन् दोन्हीकडे उतरता, त्याचं गणित द मुआव्र यांनी १७३३ मध्येच मांडलं होतं, गाउस यांनी १८०९ मध्ये ते पुढं नेलं, पण नॉर्मल कर्व्ह हे नाव १९ व्या शतकाच्या शेवटी शेवटी रुळलं. मराठीत त्याला प्रसामान्य वक्र म्हणतात, परीक्षेबाहेर कोणी म्हणत नाही ती गोष्ट वेगळी. हे नाव ज्यांनी रुळवलं त्यात कार्ल पिअर्सन होते, अन् १९२० मध्ये त्यांनीच लिहून ठेवलं की या नावाचा एक तोटा झाला, बाकीचे सगळे वक्र जणू ॲबनॉर्मल आहेत असं लोकांना वाटायला लागलं.

माझ्या मते सगळा घोळ इथंच आहे. गुण्या सांगतो कसं असायला पाहिजे, सरासरी सांगते कसं असतं. या दोन एकदम वेगळ्या गोष्टी, पण नॉर्मल म्हणताना आपण दोन्ही एका झटक्यात म्हणून जातो, ऐकणारा त्याला सोयीचा अर्थ घेतो. पावसाच्या बातमीत, दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीत, सगळीकडे. पोरगा नॉर्मल आहे ना हो, असं विचारतात तेव्हा नेमकं काय विचारतात ते आठवून पहा.

मधातच एक सांगून टाकतो नाहीतर राहून जाईल. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं अमका मास्तर नॉर्मल पास आहे असं मानानं म्हणायची, आताची पोरं ऐकून हसतील. फ्रान्समध्ये १७९४ मध्ये शिक्षक घडवणारी एकोल नॉर्माल ठरली, नॉर्मल अशासाठी की शिकवायचं कसं याचा नमुना, कसोटी तिथं घालून द्यायची. तिथून नॉर्मल स्कूल हे नाव जगभर गेलं. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात पुण्याच्या नॉर्मल स्कूलचा उल्लेख येतो तो हाच, अन् नागपूरलाही नॉर्मल स्कूल होतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात तर नॉर्मल नावाचं अख्खं गाव आहे, तिथल्या नॉर्मल युनिव्हर्सिटीवरून १८६५ मध्ये पडलेलं नाव. इथं नॉर्मल म्हणजे साधा नाही बरं का, उलट प्रमाण मानावा असा.

वाढईकाम करणारा, पुसदकडे

सर तुम्ही गुन्या म्हटलं अन् मी जेवन सोडून वाचत बसलो. आमी तं रोजच म्हन्तो, चौकट गुन्यात हाय, भित गुन्यात नाई. बापाच्या हातचा लाकडी गुन्या अजून हाय घरी. मोठ्या खोलीचा कोपरा पाहाचा असन तं गुन्या पुरत नाई, मंग आमी तीन-चार-पाच करतो, एका भितीवर ३ फुटावर खून, दुसरीवर ४ फुटावर, अन् दोन खुनांच्या मधात फीत बरोब्बर ५ फूट आली पायजे. आली तं गुन्यात. लय मोठी खोली असन तं ६-८-१० घ्याचं.

पन एक सांगू का, गुन्या पन खोटा होते. लाकडाचा असन तं पावसाळ्यात फुगते, लोखंडी पडला तं वाकते, डोयाले दिसत नाई. म्हनून त्यालेच तपासा लागते. फळीच्या सरळ काठाले लावून एक रेघ मारा, मंग गुन्या पलटवा, उलट्या बाजूनं त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तं गुन्या खरा. फाकल्या तं जेवढ्या फाकल्या त्याच्या अर्धा फरक गुन्यात हाय. आजकालचे पोट्टे हे करतच नाईत, नवा आनला का लावला कामाले.

निवृत्त सर, आर्वी

वा भाऊ, हे पुस्तकात कुठं मिळत नाही. आणि एक गंमत ऐका, फारशीतही या साधनाला गुनियाच म्हणतात, अन् ग्रीकमध्ये कोनाला गोनिया. पेंटॅगॉन, पॉलिगॉन यातलं जे गॉन आहे ना तेच ते. म्हणजे तुम्ही चौकट गुन्यात हाय म्हणता अन् रोमन सुतार नॉर्मालिस म्हणायचा, दोघं एकच बोलत होते.

वावरवाला, दारव्हा

नॉर्मलचं नाव काढू नका साहेब. दरसाल एप्रिलात टीव्हीवर येते, यंदा मान्सून नॉर्मल. आपन खुश, बियानं भरते, खत भरते. मंग जूनमधी दोन दिवस धो धो, लोकायनं सोयाबीन टाकलं, अन् मंग वीस वीस दिवस खंड. पेरलेलं मातीत जयते. दुबार पेरनी. मंग ऑगस्टात एकाच आठवड्यात असा पडते का पराटी पिवयी. अन् सप्टेंबराच्या शेवटी पेपरात येते, जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस. कोनासाठी नॉर्मल हाय बाप्पा तो?

कृषीवाला पोरगा, अकोला

काका, तुमचं दुःख बरोबर आहे पण हवामान खात्याचा शब्द त्यांच्या व्याख्येत बसतो, ती व्याख्या आपल्याला कोणी सांगत नाही हा खरा त्रास आहे. जून ते सप्टेंबर पूर्ण देशात जो पाऊस पडतो त्याची १९७१ ते २०२० या ५० वर्षांची सरासरी साधारण ८७ सेंटीमीटर आहे. या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की मान्सून नॉर्मल. म्हणजे तो अंदाज देशाचा असतो, दारव्ह्याचा नसतो, केरळ अन् राजस्थान एकाच पोत्यात भरून केलेली ती गोष्ट आहे.

जिल्ह्याचा हिशोब अजून ढिला. तिथं सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, एवढं सगळं नॉर्मल. म्हणजे समजा एखाद्या जिल्ह्याची सरासरी ८०० मिलिमीटर आहे, तर ६४८ पडला तरी नॉर्मल अन् ९५२ पडला तरी नॉर्मल. आणि तो चार महिन्यांचा एकूण आकडा आहे, कोणत्या आठवड्यात पडला याचा त्यात पत्ताच नाही. पिकाला तर आठवडाच पाहिजे असतो.

अजून एक, वाढईकाकांनी गुन्या तपासायचं सांगितलं ना, ते इथं पण होतं. आधी १९६१ ते २०१० ची सरासरी धरत होते, ती होती ८८०.६ मिलिमीटर. २०२२ मध्ये नवी धरली, ती आली ८६८.६. म्हणजे नॉर्मल स्वतःच १२ मिलिमीटर खाली उतरलं. तेवढाच पाऊस पडला तर आधी जो थोडा कमी म्हटला असता तो आता नॉर्मलच्या जास्त जवळ जातो.

उन्हाचं उलटं आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० झालं पाहिजे अन् नॉर्मलपेक्षा साडेचार अंश तरी जास्त पाहिजे, मग उष्णतेची लाट. आता आपल्याकडे मे महिन्यात नॉर्मलच ४२ च्या आसपास आहे, त्यात साडेचार मिळवा, साडेशेहेचाळीस होईपर्यंत लाट नाही असं झालं असतं. म्हणून दुसरा नियम ठेवला आहे, ४५ गेलं की नॉर्मल काहीही असो, लाट. तो नसता तर चंद्रपूरवाले वितळून गेले असते तरी कागदावर सगळं नॉर्मल राहिलं असतं.

बसस्टँडवाला

४५ आमच्यासाठी नॉर्मलच हाय बे. पुण्यावाले पाहुने आले तं ३८ लेच मरून रायले म्हन्तेत.

आशाताई, वणीकडची

मी पण लिहू का थोडं. आमच्या रोजच्या कामात हा शब्द दिवसातून कितीदा येतो काय सांगू. बीपी नॉर्मल, शुगर नॉर्मल, वजन नॉर्मल, अन् बाई बाळंत झाली की पहिला प्रश्न नॉर्मल का सिझर? बाळ कसं आहे, बाई कशी आहे, हे त्याच्या नंतर. आधी गावात साधी झाली म्हणायचे, अजूनही म्हाताऱ्या बाया तसंच म्हणतात. कागदावर नैसर्गिक प्रसूती पण लिहिलेलं असतं. पण नॉर्मल शब्द आला अन् सिझर झालेली बाई आपोआप ॲबनॉर्मल झाली ना. सासू चार बायांत सांगते, आमच्या सुनेची नॉर्मल नाही झाली बाई, अन् ती पोरगी पदर ओढून खाली पाहते, जसं काही तिनं मुद्दाम केलं. बाळ आडवं होतं, सिझर केलं नसतं तर दोघंही गेले असते, हे कोण सांगणार. मी आता बायांना मुद्दाम साधी अन् ऑपरेशनची असंच म्हणते.

दुसरं एक विचारायचं होतं सर. तापाचं नॉर्मल ९८.६ असं आम्हाला शिकवलं, मग हा पॉइंट सहा कुठून आला? अन् सलाईनच्या बाटलीला नॉर्मल सलाईन का म्हणतात?

निवृत्त सर, आर्वी

ताई तुमचा साधी शब्द लाख मोलाचा आहे, तोच ठेवा.

९८.६ ची गोष्ट अशी. जर्मनीत लाइपझिगला वुंडरलिख नावाचे डॉक्टर होते, त्यांनी सुमारे २५,००० रोग्यांचं तापमान घेऊन १८६८ मध्ये पुस्तक काढलं अन् ३७ अंश सेल्सिअस हे निरोगी माणसाचं धरलं. ३७ हा गोल आकडा, पण त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ येतं, अन् तो पॉइंट सहा पाहून लोकांना वाटतं की काय बारीक मोजमाप आहे. मोजमाप नाही ते, नुसतं रूपांतर आहे. वुंडरलिख यांनी स्वतः सांगितलं होतं की सकाळी कमी असतं, संध्याकाळी वाढतं, म्हणजे नॉर्मल हा एक आकडा नसून एक पट्टा आहे. लोकांनी पट्टा सोडला अन् आकडा धरला. २०२० मध्ये अमेरिकेत दीडशेएक वर्षांच्या नोंदी पडताळल्या तेव्हा दिसलं की तिथल्या लोकांचं सरासरी तापमान हळूहळू उतरत आलं आहे, आता ते ९८.६ च्या खालीच भरतं. थर्मामीटरवर ९७.८ दिसलं म्हणून अशक्तपणाची गोळी मागायला येणारे असतील तर त्यांना हे सांगा.

नॉर्मल सलाईनची गंमत तर अशी की तिचं नाव कोणत्याच हिशोबात बसत नाही. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. केमिस्ट्रीत नॉर्मल द्रावण म्हणजे लिटरमागं ठरलेल्या मापाचा पदार्थ, मिठाच्या बाबतीत ते होतं जवळपास ५८.५ ग्रॅम. तशी खरी नॉर्मल सलाईन कोणाला लावली तर माणूस हाती लागणार नाही. अन् रक्तासारखी म्हणावी तर तेही नाही, रक्तापेक्षा तिच्यात क्लोराइड बरंच जास्त असतं. तरी नाव चिकटलं ते चिकटलं. गावात तर सलाईन लावली म्हणजे ताकद आली असंच धरतात, त्याला पाणी अन् मीठ म्हटलं की भांडायला उठतात.

शाळेतली मॅडम, आर्णीकडची

बापरे केवढं निघालं. सर मला आता फक्त वापराचं सांगा, पोरांना इंग्रजी वाक्यं करायला लावायची आहेत. नॉर्मल, ऑर्डिनरी, युजुअल, रेग्युलर, कॉमन, सगळ्यांना ते नेहमीचा एवढंच लिहितात.

निवृत्त सर, आर्वी

हे सगळे एकाच गल्लीत राहतात पण एका घरात नाही. युजुअल हा माणसाच्या किंवा जागेच्या सवयीशी बांधलेला. दूधवाला रोज सहाला येतो, आज सहालाच आला, तर युजुअल टाइम. तुमचा युजुअल अन् माझा युजुअल वेगळा असू शकतो. रेग्युलर म्हणजे ठरलेल्या अंतरानं, खंड न पडता, रेग्युलर हजर राहणारा पोरगा. कॉमन म्हणजे पुष्कळांत आढळणारं, मग ते चांगलं असो की वाईट, डेंग्यू पावसाळ्यात कॉमन आहे पण नॉर्मल नाही, हा फरक पोरांना लगेच कळतो. ऑर्डिनरीत जरा हलकेपणा आहे, एखाद्याच्या घराला ऑर्डिनरी म्हटलं तर त्याला राग येईल, नॉर्मल म्हटलं तर येणार नाही. नॉर्मल तिथं वापरा जिथं मनात एखादी पट्टी आहे अन् तिच्याशी ताडून पाहिलं आहे, बीपी, पाऊस, नाडी, एखाद्या वयाचं वागणं. बाप वारल्यावर पोराचं अभ्यासात मन लागत नाही, ते नॉर्मल आहे, इथं आपण पट्टी लावूनच बोलतो.

आता बसस्टँडवाल्या भाऊंचं. त्यांचा नॉर्मल म्हणजे ज्यात वरून काही केलेलं नाही, थंड केलेलं नाही, महाग केलेलं नाही, स्मार्ट केलेलं नाही. हा अर्थ आपल्याकडे एवढा पक्का बसला आहे की चुकीचा म्हणायची माझी हिंमत नाही, मीही हॉटेलात तसंच मागतो. पण इंग्रजी पेपरात नॉर्मल वॉटर लिहू नये, तिकडे त्याला रूम टेंपरेचरचं पाणी म्हणतात. तसंच साध्या कपड्याला प्लेन, साध्या जेवणाला सिंपल.

मराठीत उतरवताना एकच शब्द धरून बसू नका एवढंच म्हणतो. आकड्याचं असेल तिथं सरासरीइतका, तब्येतीचं असेल तिथं ठीक किंवा बरोबर, वागण्याचं असेल तिथं नेहमीसारखा, जनजीवनाचं असेल तिथं सुरळीत किंवा पूर्ववत. बाजार समितीच्या फळ्यावर कमीत कमी, जास्तीत जास्त अन् सर्वसाधारण असे तीन दर असतात ना, त्यातला सर्वसाधारण पण नॉर्मल नाही बरं, इंग्रजीत तिथं मोडल असतं, ज्या भावात जास्तीत जास्त माल गेला तो. मला तो शब्द आवडतो, सर्वसाधारण, त्यात कोणाला खाली पाहायला लागत नाही.

वावरवाला, दारव्हा

सर्वसाधारन दर आमाले कधी भेटत नाई सर, तो फळ्यावरच रायते. बरं मंग त्याच गुन्यातून ॲबनॉर्मल निघालं म्हंजे गुन्याबाहेरचं, बरोबर?

निवृत्त सर, आर्वी

अर्थानं बरोबर, पण वाट वाकडी आहे. फ्रेंचमध्ये अनॉर्मल असा शब्द होता, त्यात ग्रीक ॲनॉमलस मिसळलेला. ॲनॉमलस म्हणजे जे समतल नाही ते, होमालोस म्हणजे सपाट. म्हणजे एक शब्द गुण्याचा अन् दुसरा लेव्हलपट्टीचा, दोघांची सरमिसळ झालेली. १८३० च्या दशकात इंग्रजीत कोणाच्या तरी ध्यानात आलं की लॅटिनमध्ये दूर या अर्थी ॲब आहे, तो जोडून ॲबनॉर्मल केला.

खरा गुन्याबाहेरचा शब्द वेगळाच आहे, इनॉर्मस. ए म्हणजे बाहेर अन् पुढं तीच नॉर्मा. १६ व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा इनॉर्मस म्हणजे मोठा नव्हता, बेढब, भलतंसलतं, नियम मोडून केलेलं असा होता. मग जे मापात बसत नाही ते मोठंच असणार असं धरून तो प्रचंडवर गेला. त्याची बहीण इनॉर्मिटी मात्र बरीचशी जुन्याच घरी राहिली, इंग्रजीचे जुने मास्तर अजूनही तिचा अर्थ घोर दुष्कृत्य असाच लावतात, अन् कोणी आकारासाठी वापरली की लाल रेघ मारतात.